काचेमागचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं लहानपण गिरगावातल्या एका चाळीत गेलं. रविवारी दुपारी मामा आले, की आम्हा भावंडांचा एकच धोशा असे, 'मामा, मासे बघायला!' मासे बघायला म्हणजे तारापोरवाला मत्स्यालयात. चाळीतून निघायचं, चर्नी रोडचा पूल ओलांडायचा, की समोर समुद्र आणि त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली ती इमारत. आत पाऊल टाकलं, की मरीन ड्राइव्हवरचं लखलखीत ऊन एकदम विझून जाई. डोळे सरावेपर्यंत आम्ही एकमेकांचा सदरा धरून चालत असू. मग अंधारात एकेक चौकट उजळलेली दिसायची. हिरवट पाणी, हलणारी झाडं आणि तोंड उघडत-मिटत आपल्याकडे बघणारा एखादा मासा.

गिरगावकरांचं मासे बघणं हे अर्थातच निव्वळ बघणं नसे. काचेपुढे उभी राहिलेली एखादी काकू शेजारणीला म्हणायची, 'अगो, एवढ्या माशात आपल्या घराचं दोन दिवसांचं कालवण होईल!' आणि सगळे हसायचे. कासवापाशी मात्र कुणी असं बोलत नसे. तिथे हात जोडले जात.

एकदा मी मामांना विचारलं, 'इथे एवढा काळोख का?' मामा म्हणाले, 'हळू बोल. मासे झोपलेत.' पुढे इतिहास हा माझा विषय झाला, कॉलेजात शिकवू लागलो, तेव्हा कधीतरी त्या काळोखाचं खरं कारण हाती लागलं. त्याचा माग काढत गेलो, तर तो लंडनला, नेपल्सला आणि एका मोलकरणीच्या दुखऱ्या हातांपर्यंत जाऊन पोचला.

मासे पाळणं जुनंच आहे. तळ्यात, कुंडात, हौदात माणसानं मासे हजारो वर्षं पाळले. पण ते वरून बघायचे. मासा समोरून, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बघायचा, तर काच हवी. आणि समुद्रातला जीव बघायचा, तर काचेच्या आतलं खारं पाणी जिवंत ठेवता आलं पाहिजे. हे दोन्ही जमलं त्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या मुलीपासून करावी लागते. झान व्हिलप्रू ही फ्रान्समधल्या खेड्यातली मुलगी. पॅरिसला येऊन राजघराण्यातल्या वधूच्या पोशाखावर तिनं भरतकाम केलं. लग्न करून ती सिसिली बेटावर मेसिना इथे राहायला गेली आणि तिथे तिला समुद्रानं वेड लावलं. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसच्या जातकुळीतला एक प्राणी असतो. तो पातळ, पांढऱ्या, सुंदर शिंपेत राहतो. ही शिंप तो स्वतः बनवतो, की शंखातल्या खेकड्यासारखी दुसऱ्याची बळकावतो, यावर मोठमोठ्या विद्वानांचे वाद चालले होते. या बाईनं १८३२च्या सुमारास काचेच्या टाक्या करवून घेतल्या, त्यात आर्गोनॉट ठेवले, आणि जीव आपली शिंप स्वतःच बनवतो, फुटली तर स्वतःच सांधतो, हे बघून सिद्ध केलं. पुढे १८३८ मध्ये तिचा संग्रह घेऊन निघालेलं जहाज बुडालं. समुद्रातून काढलेलं समुद्रातच गेलं.

लंडनची गोष्ट आणखी घरगुती आहे. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका धर्मगुरूची बायको. १८४६ मध्ये ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असताना तिथले जिवंत प्रवाळ तिला फार आवडले. सुईदोऱ्यानं ते एका स्पंजाला टाचून, समुद्राच्या पाण्यासह भांड्यात घालून ती लंडनला घेऊन आली. आता पंचाईत अशी, की समुद्र कितीतरी मैल दूर. पाणी शिळं झालं, की त्यातला प्राणवायू संपतो आणि जीव गुदमरतात. मग तिनं उपाय काढला. उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा पहिल्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आपल्याकडे गरम चहा निववायला करतात तसंच. हे रोज अर्धा-पाऊण तास. ओतायचं कुणी? बाईंनी नव्हे. त्यांच्या मोलकरणीनं. पुढे बाईंनी त्यात समुद्री शेवाळंही वाढवलं. ते प्रवाळ जगले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. विज्ञानाच्या इतिहासात ॲना थिनचं नाव लागलं, आणि ते रास्तच आहे. पण मला मात्र राहून राहून ती पाणी ओतणारी दिसते.

नंतरच्या गोष्टी झपाट्यानं घडल्या. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर केला. मासा जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो पाणवनस्पती घेते, वनस्पती जो प्राणवायू सोडते तो मासा घेतो, आणि सडलेली पानं व शेवाळ खायला दोन-चार गोगलगायी सोडल्या, की बंद भांड्यातही संसार नीट चालतो. आज हे शाळेतल्या पुस्तकात असतं, तेव्हा तो चमत्कार होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १८५३ मध्ये चक्क माशांसाठी एक काचेचं घर उभारलं. लोकांसाठी खुलं असं जगातलं हे पहिलं मत्स्यालय. त्यात जीव पुरवणाऱ्यांमध्ये फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. पुढच्याच वर्षी त्यानं या विषयावर पुस्तक लिहिलं आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवला.

या गॉसबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. माणूस अत्यंत देवभोळा आणि तितकाच बारीक नजरेचा. ओहोटीच्या वेळी डेव्हनच्या खडकाळ किनाऱ्यावर छिन्नी-हातोडा घेऊन तो फिरायचा, खडकांच्या डबक्यांतली समुद्रफुलं अलगद सोडवायचा आणि घरी आणून त्यांची चित्रं काढायचा. त्याच्या रंगीत पुस्तकांनी इंग्लंडला वेड लावलं. दिवाणखान्यात एक काचेची पेटी हवीच, अशी फॅशन झाली. आगगाडीनं किनारा जवळ आणला होता. सुट्टी मिळाली, की बायाबापड्या, पोरंबाळं बरण्या आणि हातोडे घेऊन किनाऱ्यावर उतरू लागली. जे दिसेल ते खरवडून न्यायचं. बहुतेक जीव घरी पोचेपर्यंत किंवा आठवड्याभरात मरायचे, मग पुन्हा नवे आणायचे. काही वर्षांत ती डबकी ओकीबोकी झाली.

गॉसचा मुलगा एडमंड लहानपणी बापाचं बोट धरून त्याच डबक्यांतून हिंडला होता. १९०७ मध्ये त्यानं आपल्या आणि वडिलांच्या नात्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात या किनाऱ्याबद्दल फार कळवळून लिहिलं आहे. आपण पाहिलेलं ते वैभव आता कुणालाच दिसणार नाही, असं तो म्हणतो. आणि बापाला याची बोच होती, हेही सांगतो. ज्या माणसानं समुद्राकडे बघायला शिकवलं, त्याच्याच पुस्तकांनी समुद्राचा तो काठ रिकामा केला. गॉसनं मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं. त्याला वाटलं, लोकांना दाखवावं. मत्स्यालयाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हा पेच आहे. आणि प्रत्येक पिढीला तो आपापल्या परीनं सोडवावा लागला, किंवा टाळावा लागला.

आता मामांच्या काळोखाकडे येतो. लंडनच्या त्या पहिल्या माशांच्या घरात चारी बाजूंनी ऊन यायचं. परिणाम असा, की पाणी तापायचं आणि काचांवर हिरवं शेवाळ साचून आतलं दिसेनासं व्हायचं. यावर तोडगा काढणाऱ्यांत अग्रणी होता विल्यम आल्फर्ड लॉइड. हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. समुद्री जीवांच्या नादानं त्यानं तो धंदा सोडला आणि लंडनमध्ये समुद्राचं पाणी आणि समुद्रातले प्राणी विकायचं दुकान काढलं! पुढे तो हँबर्ग आणि लंडनचं क्रिस्टल पॅलेस इथल्या मत्स्यालयांचा कर्ता झाला.

त्याच्या पद्धतीत टाकीवर उजेड फक्त वरून पाडायचा, खऱ्या समुद्रात पडतो तसा. बघणाऱ्यानं अंधारात उभं राहायचं. रात्री घरात दिवा लावून खिडकीच्या काचेतून बाहेर पाहिलं, तर आपलंच तोंड दिसतं. दिवा मालवला, की बाहेरचं झाड दिसतं. तोच हा न्याय. दुसरी गोष्ट, पाणी सारखं बदलायचं नाही. बघायच्या टाक्यांहून कितीतरी मोठा हौद जमिनीखाली अंधारात, थंडाव्यात ठेवायचा आणि दोहोंमधलं पाणी रात्रंदिवस फिरतं ठेवायचं. वरून जोरानं पडणारी धार बुडबुडे घेऊन खाली जाते, त्यात हवा मिसळते. म्हणजे थिनबाईंच्या मोलकरणीचं काम आता वाफेचं इंजिन करू लागलं. क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय १८७१ मध्ये अशा रीतीनं सुरू झालं.

पण इंजिनाला कोळसा लागतो आणि कोळशाला पैसा. तो आणायचा कुठून? तिकिटातून. आणि लोकांनी तिकीट पुन्हा पुन्हा काढावं असं काय करायचं? मत्स्यालयातल्या 'कार्यक्रमां'चा उगम इथे आहे. ब्रायटनचं भव्य मत्स्यालय १८७२ मध्ये उघडलं. तिथे ऑक्टोपस हा त्या काळचा सिनेनटच ठरला. लोक केवळ त्याला बघायला रांगा लावत. जोडीला गच्चीवर फिरणं आणि वाद्यवृंदही होता. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला १८७६ मध्ये जे 'रॉयल ॲक्वेरियम' उघडलं, तिथे मोठमोठ्या टाक्या बांधल्या आणि त्यांत मासे फारसे आलेच नाहीत. मग माशांवाचून मत्स्यालय चालवायचं तर करमणूक हवी. १८७७ मध्ये तिथे झाझेल नावानं खेळ करणाऱ्या एका कोवळ्या मुलीला तोफेतून उडवण्याचा प्रयोग झाला. आजही मनुष्यतोफगोळ्याच्या खेळाचा इतिहास सांगताना तो पहिला म्हणून सांगतात.

त्याच वर्षी तिथे एक पांढरा बेलुगा देवमासा आणला. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर पकडून, पेटीत समुद्रशेवाळाच्या गादीवर घालून, पाण्याबाहेरच तो अटलांटिक ओलांडून आणला होता. देवमासा हवेत श्वास घेतो, म्हणून तो जगेल, असा हिशेब. लंडनकरांनी गर्दी केली. थोड्याच दिवसांत तो मेला. त्या इमारतीचं आज नावनिशाण नाही. १९०३ मध्ये ती पाडली.

अगदी याच काळात इटलीत नेपल्सला एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं वेगळा हिशेब मांडला. त्याचं नाव आंटोन डोर्न. डार्विनच्या विचारांनी भारलेला हा तरुण. समुद्राकाठी संशोधनाला पक्की जागा हवी, या ध्यासानं त्यानं तिथे 'स्टॅझिओने झूओलॉजिका' ही संस्था उभारली. तळमजल्यावर मत्स्यालय, वर प्रयोगशाळा. १८७४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. खाली हौशी प्रवाशांनी तिकीट काढून मासे बघायचे आणि त्या पैशाचा हातभार वरच्या संशोधनाला. शिवाय देशोदेशींच्या विद्यापीठांना तिथली 'टेबलं' वर्षाच्या भाड्यानं द्यायची. बघणाऱ्याच्या कुतूहलावर अभ्यासकाचं पोट चालवायची ही युक्ती मला तरी फार आवडते. वेस्टमिन्स्टरला तिकिटाचा पैसा तोफेत गेला, नेपल्सला सूक्ष्मदर्शकात.

आपल्या देशात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडलं. तिथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी त्यासाठी खटपट केली होती. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मुंबईला मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये हा योग आला. तारापोरवाला या पारशी दात्यांनी दोन लाख रुपये दिले, एकंदर खर्च आठ लाखांवर गेला आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पाटण्याच्या बाजूचा, गंगेकाठचा माणूस अरबी समुद्रातल्या माशांसमोर उभा राहिला, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, असा विचार मनात येऊन जातो. चालवण्याचं काम सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे राहिलं.

आमच्या लहानपणी मत्स्यालयात एकच काम असे, बघणं. काचेला हात लावू नका, टिचक्या मारू नका. नंतरच्या काळात जगभर ही रीत बदलली. उथळ हौदात तारामासे ठेवून मुलांना दोन बोटांनी हलकेच स्पर्श करू देतात. पाणबुड्या टाकीत उतरून मासे भरवतो आणि मुखवट्यातल्या मायक्रोफोनवरून बाहेरच्या लोकांशी बोलतोही. आणि बोगदा! न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला केली टार्लटन नावाच्या हरहुन्नरी पाणबुड्यानं सांडपाण्याच्या जुन्या, वापरात नसलेल्या टाक्यांमध्ये मत्स्यालय उभारलं. ॲक्रिलिकचे सपाट तक्ते भट्टीत तापवून, त्याच्या माणसांनीच ते वाकवले आणि आरपार दिसणारा बोगदा केला. वर शार्क, खाली सरकत्या पट्ट्यावर माणसं. १९८५च्या जानेवारीत ते उघडलं. अवघ्या सात आठवड्यांनी टार्लटन वारला. आज जगातल्या कितीतरी मत्स्यालयांत असे बोगदे आहेत. त्यात शिरलं, की काचेच्या पेटीत आपण असतो आणि मासे मोकळे फिरत असतात, निदान तसं वाटतं.

गॉसचा पेच मात्र सुटलेला नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे १९८४ मध्ये मत्स्यालय उघडलं, ते सार्डिन डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी. अतोनात मासेमारी झाली, सार्डिन संपत आले आणि त्या रस्त्यावरचे कारखाने एकामागून एक बंद पडले. रिकाम्या झालेल्या समुद्राच्या काठावरच समुद्र दाखवायची जागा झाली. तिथे २८ फूट उंच टाकीत केल्प या अजस्र समुद्रवनस्पतीचं जंगल वाढवलं आहे. केल्पला लाटांचे हेलकावे लागतात, म्हणून पाणी हलवणारं यंत्र केलं. दिवसा पाहुण्यांना स्वच्छ दिसावं म्हणून पाणी गाळून सोडतात आणि रात्री न गाळलेलं, जिवाणू-पिल्लांनी भरलेलं. पुन्हा आपलं तेच, पाणी जिवंत ठेवण्याचं काम.

त्या लोकांनी २००४ मध्ये एक पांढरा शार्क १९८ दिवस टाकीत ठेवला. अफाट गर्दी झाली. मग त्याला सोडून दिलं. नंतर आणखी काही शार्क ठेवले. २०११ मधला शार्क सोडल्यानंतर लगेच मेला आणि तो उद्योग थांबला.

पण त्याच इमारतीत जे लोकांना दाखवत नाहीत ते मला अधिक मोलाचं वाटतं. कॅलिफोर्नियातली समुद्री पाणमांजरं फरसाठी मारून मारून जवळजवळ संपली होती. आजही त्यांची पिल्लं वादळात आईपासून तुटून किनाऱ्याला लागतात. माँटेरीला २००१ मध्ये टूला नावाच्या एका पाणमांजरीनं असं एक अनाथ पिल्लू आपलं मानून वाढवलं. तिचं स्वतःचं पिल्लू मेलेलं जन्मलं होतं. तेव्हापासून अशी दत्तक आयांची रीत पडली. या पिल्लांना माणसाची सवय लागता कामा नये, म्हणून त्यांच्याजवळ जाणारी माणसं अंगावर झूल घेतात आणि तोंडावर वेल्डिंगवाल्याचा काळा मुखवटा चढवतात. पिल्लाला माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यातला अर्ध्याहून जास्त वाटा अशा ३७ पिल्लांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा होता.

तारापोरवालाचं नूतनीकरण होऊन २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा मी सात वर्षांच्या नातीला घेऊन गेलो. आता तिथेही बोगदा होता, बारा फुटांचा. ती त्यात मान वर करून उभी राहिली ती हलेचना. मागची रांग खोळंबली. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत त्याचीही दारं बंद झाली. पण त्या दिवशी आम्ही दोघांनी सगळं दोनदा पाहिलं. परतताना तिनं मला विचारलं, 'आजोबा, यांना पाणी कुठून आणतात?' मी तिला ॲना थिनची आणि तिच्या मोलकरणीची गोष्ट सांगितली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. बघतो तर ही खिडकीशी स्टुलावर उभी आणि दोन तांब्यांतून पाणी इकडून तिकडे ओततेय. ओट्यावर पाणी, खाली पाणी. सूनबाई ओरडली. मी घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली होती. 'हात दुखले,' नात म्हणाली, 'अजून किती वेळ?'